वायर धरून चाल

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला. "मामा, इक्वलायझर लावला आणि मागचे दोन्ही स्पीकर मेले." स्पीकर असे उगाच मरत नाहीत गं. त्यांच्यापर्यंत आवाज पोचत नाहीये, एवढंच. मी पुढे काही विचारणार तोवर तू म्हणालीस, "सगळ्या पट्ट्या वरखाली करून झाल्या." तिथे मी कपाळावर हात मारला. जे सगळ्यात शेवटी करायचं ते तू सगळ्यात आधी केलंस. आमच्या नाटकवाल्यांतले निम्मे लोकही हेच करतात, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस. पण एकदा बसून नीट सांगायला हवं, म्हणून हे लिहितोय.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, एका गल्लीत आमच्या मास्तरांचं दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, पोटमाळा. उभं राहिलं की डोकं आपटायचं. मी सतरा वर्षांचा, सोल्डरिंगचा धूर गिळत शिकायला जायचो. मास्तर माझ्यापुढे बिघडलेला अॅम्प्लिफायर ठेवायचे आणि माझा हात बेस-ट्रेबलच्या बटणाकडे गेला की पेचकसाची मूठ बोटांवर बसायची. "वायर धरून चाल," म्हणायचे. आवाज जिथून निघतो तिथे बोट ठेवायचं आणि जिथे संपतो तिथपर्यंत वाटेतल्या प्रत्येक जोडापाशी थांबून ऐकत जायचं. कुठपर्यंत ठीक होता आणि कुठून बिघडला, ती जागा सापडली की काम झालं. टोनचं बटण त्यानंतर.

तुझ्या संगणकात लिनक्स आहे, वायर दिसत नाहीत, म्हणून तुला वाटतं हे लागू नाही. उलट जास्तच लागू आहे. निवृत्त झाल्यावर मी घरातल्या टाकून दिलेल्या संगणकावर लिनक्स मिंट घातलं, नाटकांच्या जुन्या कॅसेटी उतरवून घ्यायला. तेव्हा तीन रात्री मीही रडलोय. त्यातून जे कळलं ते असं.

आधी संगणक सोड, वूफरच्या पेटीची मागची बाजू बघ. तिथे सहा आरसीए खाचा आहेत का? की लाल-पांढरी एकच जोडी आहे? बाजारात पाच छोटे सॅटेलाइट स्पीकर आणि एक वूफर असलेले पुष्कळ संच मिळतात ज्यांच्या आत येणारा आवाज दोनच वाटांनी येतो; पुढे तोच पाच तोंडांतून काढतात आणि खोक्यावर ५.१ छापतात. तसा निघाला तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, दोन चॅनलचा इक्वलायझर लाव आणि सुखाने राहा. तुझ्याकडे सहा आहेत असं ताई म्हणाली, म्हणून पुढे जाऊ.

संगणकाच्या मागे तीन खाचा असतील: हिरवी, निळी, गुलाबी. एरवी हिरवीतून आवाज बाहेर, निळीतून आत, गुलाबी माइकची. ५.१ करायचं तर निळी मागच्या स्पीकरची होते आणि गुलाबी मधल्या स्पीकरची नि वूफरची. पण ही अदलाबदल आपोआप होईलच असं नाही. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघड, एफ-६ दाबून तुझं कार्ड निवड, आणि 'चॅनल मोड' नावाचा खांब आहे का बघ. तो २-सीएचवर असेल तर ६-सीएच कर. एखाद्या खांबाखालच्या चौकोनात एमएम दिसलं म्हणजे तो खांब मुका आहे. एम दाबलं की बोलू लागतो. सराउंड (मागचे), सेंटर (मधला), एलएफई (वूफर) हे तीन खांब मुके राहिलेले मी स्वतः पाहिलेत. मग आवाजाच्या सेटिंगचं पाव्हूकंट्रोल उघड, शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' पानावर कार्डाचं प्रोफाइल 'अॅनालॉग सराउंड ५.१' कर. स्टीरिओवर असेल तर वर कितीही डोकं आपट, खाली दोनच वायर जाणार.

आता चाचणी. इक्वलायझर पूर्ण बंद. स्पीकर-टेस्ट नावाची आज्ञा आहे. तिला चॅनल सहा आणि प्रकार वॅव्ह असं सांगितलं की एक बाई एकेका स्पीकरमधून त्याचं नाव घेते. फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट, असं. आमच्या 'हॅलो, माइक टेस्टिंग'पेक्षा बरीच सभ्य बाई आहे. खोलीच्या मधोमध उभी राहा, डोळे मीट, आणि ती जे म्हणते ते तिथूनच येतंय का ते बोटाने दाखव. 'सेंटर' म्हणाली आणि आवाज पाठीमागून आला तर पिना उलट्या खोचल्यात. पिना बरोबर असूनही तसंच होत असेल तर चॅनलांच्या क्रमाचा घोळ आहे: अल्साच्या, म्हणजे लिनक्सच्या ध्वनी-ड्रायव्हरच्या, क्रमात पुढच्या दोघांनंतर मागचे दोन येतात, मग सेंटर आणि वूफर, वॅव्ह फाइलच्या क्रमात सेंटर आणि वूफर आधी, मागचे नंतर. सिनेमातला नायक तुझ्या मानेमागून बोलायला लागला की हीच खूण समज. इक्वलायझरने तो कधीच पुढे यायचा नाही.

आवाजाची दिशा म्हणजे काय ते मला मिनर्व्हा टॉकीजमध्ये कळलं. १९७५ साली 'शोले' लागला, मी चौदा वर्षांचा, गिरगावातून चालत गेलो. ७० एमएमचा पडदा आणि सहा ट्रॅकचा आवाज. त्या काळच्या रचनेत पाच ट्रॅक पडद्यामागे आणि एकच प्रेक्षागृहाच्या भिंतींसाठी. पडद्यावर नाणं पडलं आणि लोक खुर्च्यांखाली वाकून बघायला लागले अशी गोष्ट सगळे सांगतात. मीही वाकलो होतो, हे आजवर कुणाला सांगितलं नाही. पाच वर्षांहून जास्त चालला तो तिथे. मास्तर म्हणायचे, परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाई मिक्सिंगला बसायचे तसा कान पाहिजे. कान तर सोडच, तेवढ्या खुर्चीवर बसायची संधीही मला मिळाली नाही. माझा जन्म साहित्य संघ, दामोदर आणि शिवाजी मंदिर या नाट्यगृहांच्या विंगेत गेला. असो.

तर तुझी बाई सहाही ठिकाणी बरोबर बोलली असं धर. मग तू इक्वलायझर लावलास आणि मागचे गेले. म्हणजे बिघाड इक्वलायझरच्या जोडापाशी, हे आता सिद्ध झालं. ईझीइफेक्ट्स घातलंस ना? दिसायला देखणं आहे, मीही वापरतो, हेडफोनला. पण ते दोनच चॅनल जाणतं. तुझ्या प्लेअरमधून सहा वायर निघतात, ईझीइफेक्ट्सच्या दाराशी दोन होतात, आणि पलीकडे दोनच बाहेर पडतात. त्याच्या पट्ट्या कुठेही ने, जो आवाज दारातच गळाला तो पट्टीने परत कसा येईल? यात दोष कुणाचाच नाही. ते अवजार त्या कामाचं नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर क्यूपीडब्ल्यूग्राफ नावाचा प्रोग्रॅम टाक. पाइपवायर, म्हणजे लिनक्समध्ये आवाज इकडून तिकडे नेणारी यंत्रणा, तिच्या आत कुठून कुठे काय जोडलंय ते तो खरोखरच्या वायरी काढून दाखवतो. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मास्तरांची आठवण येऊन गहिवरलो, खोटं नाही सांगत. सहा वायरी एका चौकटीत शिरतात आणि दोन निघतात, हे एकदा पाहिलंस की मला फोन करणार नाहीस. वायरी बघायचा कंटाळा असेल तर टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप चालव; चालू आवाजाच्या ओळींत चॅनलचा आकडा असतो. जिथे ६चे २ झाले तिथे बोट ठेव.

तुझं उबुंटू २२.१०च्या नंतरचं आहे म्हणजे पाइपवायर आहेच. फेडोरावाल्यांकडे ते २०२१पासून. पाइपवायरबरोबर फिल्टर-चेन येते आणि तिच्या नमुना फाइलींत सिंक-ईक्यू६ नावाची एक आहे: सहा बँडचा इक्वलायझर, सगळे शून्यावर. ती मूळ जागी, यूएसआर-शेअरमध्ये, उघडून बदलू नकोस. पुढच्या अपडेटला तुझी मेहनत पुसली जाईल. तिची नक्कल आपल्या होम फोल्डरमधल्या कॉन्फिग-पाइपवायरच्या फिल्टर-चेनच्या फोल्डरात ठेव आणि नकलेत दोन गोष्टी बदल. चॅनलांची संख्या २ आहे ती ६ कर, आणि पुढच्या कंसात दोन जागांची नावं आहेत तिथे सहा लिही: पुढचा डावा, पुढचा उजवा, सेंटर, एलएफई, मागचा डावा, मागचा उजवा, त्यांच्या आखूड इंग्रजी अक्षरांत. तुझं कार्ड मागच्यांना 'रिअर' म्हणतं की 'साइड' म्हणतं ते आधी बघ आणि तेच लिही. फिल्टर एकाच चॅनलसाठी लिहिलाय, पण पाइपवायर त्याच्या सहा नकला स्वतः करून घेतं. तुला सहा वेळा लिहावा लागत नाही. मग फिल्टर-चेनची सेवा आपल्याच नावाने सुरू कर. सुडो लावायचं नाही. आवाज हा तुझ्या खात्याचा मामला आहे, रूटचा नाही. अख्खा संगणक बंद-चालू करायचीही गरज नाही. नवा इक्वलायझर आवाजाच्या यादीत वेगळ्या उपकरणासारखा दिसेल, तो निवड. आणि पुन्हा त्या बाईला सहा ठिकाणी बोलायला लाव. हे मी विसरलो होतो, म्हणून एक आठवडा सेंटरशिवाय नाटकं ऐकली.

आता पट्ट्या. पण त्याआधी एक विचारतो, इक्वलायझर घरात किती आहेत? व्हीएलसीमध्ये एक चालू आहे, वूफरवरचं बेसचं बटण पूर्ण उजवीकडे आहे, त्यावर हा तिसरा. एकाच्या चुका दुसरा झाकतो आणि तिसरा उघड्या पाडतो. व्हीएलसीचा बंद कर, वूफरचं बटण मध्यावर आण, उरेल तो एकच.

तू बेस दहा डेसिबलने उचलला होतास, म्हणून स्फोटांच्या वेळी आवाज फाटतो. आकड्यांच्या दुनियेत छताच्या वर जागा नाही. शून्य डेसिबल म्हणजे छत. सिनेमातल्या स्फोटांचा आवाज बहुतेक त्या छताला डोकं लावूनच येतो, त्यात तू आणखी दहा घातलेस तर वरचा भाग सपाट कापला जातो, आणि तोच कर्र असा ऐकू येतो. सहा डेसिबल म्हणजे तरंगाची उंची दुप्पट, एवढं ध्यानात ठेवलंस तरी हात आवरेल. जेवढं कुठे उचलशील तेवढं सगळं मिळून आधी खाली घे. त्याहून बरं, उचलूच नकोस. जे जास्त वाटतं ते काप. पडद्यावरच्या व्हॉल्यूमचे १०० टक्क्यांपुढचे टक्के हे उसने असतात. तिथे कधी जायचं नाही. आवाज कमी वाटला तर अॅम्प्लिफायरचं बटण फिरव, ते त्यासाठीच आहे.

संवाद कळत नाहीत ही तुझ्या आजींची तक्रार. त्यावर पट्टीचा उपाय करू नकोस. संवाद सेंटरमध्ये असतात. पाव्हूकंट्रोलमध्ये कुलपाचं चिन्ह आहे, ते दाबलं की सहाही चॅनल सुटे होतात; बाकीचे पाच दोन-तीन डेसिबल खाली घे. सेंटर आपोआप वर आला. आणि तो टीव्हीच्या मागे ढकललेला स्पीकर पुढे काढ, ते तर आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर मी खरं म्हणजे अख्खं पत्र लिहिणार होतो. तुझी खोली. लालबागची दहा बाय बाराची चाळीतली खोली, छपराची उंची दहाच्या आसपास. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याच्या दुपटीने भाग, ४७ हर्ट्झ येतात. दहा फुटांचे ५६-५७. या दोन स्वरांना तुझी खोली तबल्यासारखी घुमते, आणि रुंदी-उंची दोन्ही दहाच असल्यामुळे ५७ला दुप्पट जोराने. गंमत म्हणजे हा घुमारा भिंतींना सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोबर मध्यावर सगळ्यात कमी असतो. तू खुर्ची टाकतेस मधोमध. तुला बेस लागत नाही, म्हणून तू उचलतेस. आजी झोपतात भिंतीला टेकून, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकू. तू वाढवलेला सगळा बेस त्या दोघींना मिळतो आणि तुला तरीही मिळत नाही, कारण मध्यावर तो स्वतःलाच मारतो. कितीही वाढव, तेवढाच मरेल.

विश्वास बसत नसेल तर स्पीकर-टेस्टला चॅनल सहा आणि साइन प्रकार सांगून ५७ हर्ट्झ लाव, हळू आवाजात, आणि वूफरची पाळी आली की खोलीत चाल. चार पावलांत आवाज येईल आणि जाईल.

म्हणून खुर्ची दीड-दोन फूट मागे घे. वूफर कोपऱ्यातून काढ. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन त्याला साथ देतात. जागा शोधायची जुनी युक्ती: वूफर तुझ्या खुर्चीवर ठेव, भरपूर बेसचा ५.१ सिनेमा लाव आणि स्वतः जमिनीवर रांगत फिर. जिथे बेस गोल आणि स्वच्छ वाटेल तिथे वूफर ठेव. आजी हसतील, हसू दे. त्याच्याखाली जुनी गोधडी घडी करून घाल, लाकडी तक्तपोशीतून खालच्या मजल्याला जाणारा धक्का कमी होईल. एवढं केल्यावरही घुमलं तर ५७ला, अरुंद, चार-पाच डेसिबल काप. अख्ख्या फाइलीत एवढी एक ओळ पुरेल कदाचित. आणि रात्री दहानंतर वूफर बंद. वस्तीसाठी नियमात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा लिहिलीय. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागला तिचं काय होतं ते तुला ठाऊक आहे, उरलेल्या वर्षात तरी काकूंना झोपू दे.

तो बारीक हूंऽऽ जो तू म्हणतेस, तो विजेचा. पन्नास हर्ट्झ आणि त्याचा भाऊ शंभर. इक्वलायझरमध्ये ५० दाबून तो जायचा नाही, दाबून बघितलंस ना? नाही गेला. कारण इक्वलायझर संगणकात आहे आणि हूं शिरतोय संगणकाच्या पुढे, वायरीत किंवा वूफरमध्ये. वायर धरून चाललीस तर हे न विचारताच कळतं. संगणकातली पिन काढ. गेला तर बहुधा संगणक आणि वूफर वेगवेगळ्या सॉकेटवर आहेत म्हणून, दोघांना एकाच पट्टीवर आण. पिन काढूनही राहिला तर वायरीतलं किंवा वूफरच्या आतलं कारण. अर्थची पिन मोडून हूं घालवणारे हुशार लोक तुझ्या चाळीतही असतील, त्यांना हात लावू देऊ नकोस.

माझी एक फजिती सांगतो. एका प्रयोगाला विजेच्या कडकडाटाचा आवाज होता आणि तो पत्रा आपटल्यासारखा येत होता. मी ग्राफिकवरच्या ६३ आणि ८० या पट्ट्या टोकाला नेल्या. काही नाही. मध्यंतरात मास्तरांचे शब्द आठवले, वायर धरून गेलो, तर एका पेटीची लाल-काळी वायर उलटी. मीच लावली होती. दोन पेट्या एकमेकींचा बेस खात होत्या, मी त्यांना आणखी खायला घालत होतो. तुझ्या सॅटेलाइटच्या वायरी सुट्या टोकांच्या आहेत, क्लिपमध्ये दाबायच्या. त्या अंधारात लावल्यास असं तूच म्हणालीस. तपासायचं असं: वायर अॅम्प्लिफायरपासून सोडव, दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलचं अधिक टोक लाल वायरीला, उणे काळीला, क्षणभर टेकव. स्पीकरचा पडदा बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर उलटा. बोट अलगद ठेवलंस तर जास्त नीट कळतं.

जुनी गाणी लावशील तेव्हा सेंटर, मागचे स्पीकर आणि बहुधा वूफरही गप्प राहतील, तिथे काही बिघडलेलं नाही. गाणं दोनच चॅनलचं आहे. पाइपवायरमध्ये दोनाचे सहा करायची सोय आहे, पण पेटीवाला डावीकडे आणि त्याचीच सावली पाठीमागे, हे मला तरी सहन होत नाही. तू तरुण आहेस, तुला आवडेल कदाचित.

रविवारी दुपारी येतो. सेल मी आणतो, लॅमिंग्टन रोडवरून आरसीएच्या दोन चांगल्या वायरीही घेतो, तुझ्या त्या सडपातळ वायरींवर माझा जीव नाही. तोवर पट्ट्या सगळ्या शून्यावर ठेव, आणि त्या बाईला एकदा सहाही ठिकाणी बोलवून कुठली गप्प राहते ते लिहून ठेव.